वाफसा नव्हता

काळवीट पाहायला निघालेल्या माणसाने काळ्या मातीत रुतून बसावे, यात कोटी करण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्या संध्याकाळी ती सुचण्याच्या मनःस्थितीत आम्ही कोणीच नव्हतो.

गेल्या ऑक्टोबरात मी, सौ., चिरंजीव आणि जीपचे मालक असलेले आमचे एक स्नेही असे चौघे पुण्याहून नगरला गेलो. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; आमच्या जिभेचे जुने वळण अजून सुटत नाही.) पहिला दिवस रणगाड्यांच्या संग्रहालयात गेला. लष्कराने १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे ओळीने उभे आहेत. चिरंजीव खिळले ते पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपाशी. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि चाळीस टनांहून जड असे कितीतरी पॅटन उसाच्या फडांत रुतले.

"पण बाबा, त्याला तर पट्टे असतात. मग तो रुतला कसा?"

"उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे अभयारण्य पाहिले. अवघ्या दोन चौरस किलोमीटरांचे रान; १९८० साली काळविटांसाठी राखलेले. काळवीट दिसले, मन भरले, आणि परतताना स्नेह्यांना आडवाटेची हुक्की आली. चारही चाकांना जोर असलेली जीप घेऊन डांबरी रस्त्याने जायचे म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो! परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वी थांबला होता. वाटेवर वरून कोरडी खपली दिसत होती. तिच्याखाली मात्र पाणी पिऊन फुगलेली काळी माती होती. गाडी थांबली, स्नेह्यांनी जोर दिला, चाके जागच्या जागी गरगरली आणि दोन मिनिटांत जीपचे पोट जमिनीला टेकले.

मग आम्ही शहाण्या माणसांनी करायचे ते सारे मूर्खपण केले. एका टेम्पोवाल्याला गळ घातली, नायलॉनचा दोर मागच्या बंपरला बांधला आणि "हाण हिसका!" म्हणून ओरडलो. चिरंजीवांना दोराशेजारी उभे करून चित्रफीत घ्यायला मीच सांगितले होते. तेवढ्यात सौ.ने त्याला पाणी प्यायला हाक मारली म्हणून तो हलला. दुसऱ्या हिसक्याला दोर तुटला आणि त्याचे टोक चाबकासारखे येऊन जीपच्या मागच्या काचेवर बसले. काचेचा चुरा झाला. पोर जिथे उभे होते त्या जागेवरून ते टोक गेले होते. सौ. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

अंधार पडता पडता ट्रॅक्टर घेऊन एक गृहस्थ आले. सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणून गाव त्यांना मेजर म्हणे. त्यांनी मातीचा गोळा मुठीत दाबला.

"वाफसा न्हाई रानाला. अशात आम्ही औतसुद्धा घालत न्हाई."

'वाफसा' या शब्दाचा अर्थ मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. फळ्यापाशी उभे राहून.

मेजरांनी ट्रॅक्टर सुरूच केला नाही. आधी फावडे आणले. चाकांमागची माती उतरती कापली, पोटाखालचा चिखल लांबूनच फावड्याने ओढून काढला, सायलेन्सरच्या नळीतला काडीने उकरला. मागे दगड आणि गेल्या वर्षीच्या तुराट्या पसरल्या. मी उत्साहाने बाभळीची फांदी तोडून आणली, तेव्हा ते हसले. काट्यांनी चाके फुटली असती. टायरमधली हवा तिसांवरून विसापर्यंत उतरवली.

"टायर पसरला की वजन पसरतं. रणगाड्याचा पट्टा तेच करतो," ते चिरंजीवांना म्हणाले. "पर चिखल लई झाला की पट्टाबी बुडतो."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले.

या खटपटीत तास गेला. ओढण्याचे काम सर्वांत शेवटी. जाड, न तुटलेला दोर बंपरला नव्हे, तर सांगाड्याच्या आकड्याला अडकवला आणि त्यावर ओले गोणपाट टाकले. "दोर जेवढा लांब, त्याच्या दीडपट लांब जा समदी. रेषेत कुणी न्हाई." आल्या चाकोरीनेच मागे, अजिबात हिसका न देता, ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने सरकला. स्नेह्यांनी मागचा गिअर टाकून इंजिन हळू ठेवले होते. चिखलाने एक मोठा ओला उसासा सोडला आणि जीप तुराट्यांवर चढली.

मी पाकिटाला हात घातला. मेजरांनी माझ्या हातात फावडे दिले.

"पैसे ऱ्हाऊ द्या. खड्डे बुजवून जा. सकाळी ह्याच वाटेनं माझी बैलं जायची हायेत."

मग जीपच्या दिव्यांच्या उजेडात आम्ही चौघांनी ते खड्डे बुजवले. हवा भरायचे दुकान गाठेपर्यंत स्नेह्यांनी वेग वीसच्या वर नेला नाही, आणि मागच्या फुटक्या काचेतून थंड वारा येत राहिला.