दांड्यावरचा अंगठा

नागपुरात कळमन्याच्या बाजारात मिरचीची आवक वाढली की आमच्या बॅलेच्या वर्गात ठसका सुरू होतो. खिडक्या लावून घ्यायच्या आणि तशा उकाड्यात भिंतीतल्या लोखंडी दांड्याशी मुलींनी ओळीनं उभं राहायचं. बॅलेचा जवळजवळ अर्धा वर्ग या दांड्यापाशीच जातो. "मॅडम, पोरगी नाचणार केव्हा?" असं पालक हमखास विचारतात.

ती नाचतेच आहे. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं; ते करताना गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत उघडायला हवेत. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून. पाऊल पिरगाळून वळवलं तर दिसायला सारखंच दिसतं, पण ताण गुडघ्यावर येतो आणि दुखणं मागे लागतं. दांडा सोडून वर्गाच्या मध्यभागी तोल सावरता सावरता खुब्याकडे लक्ष कुठून देणार? मग तांद्यू. पाऊल जमिनीला घासत पुढे न्यायचं, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी नुसती बोटांची टोकं टेकलेली. परत येताना हाच क्रम उलटा. पुढे उडी मारताना जमीन ढकलतं ते हेच पाऊल, आणि उडीवरून उतरताना गुडघे सांभाळतो तो प्लिए.

मी मात्र पायांच्या आधी अंगठा बघते. तो दांड्याला वेढा घालून बसला असेल तर समजावं, भार दांड्यावर आहे. हात नुसता टेकलेला हवा, अंगठा बोटांच्या शेजारी, कोपर शरीराच्या किंचित पुढे. चालू व्यायामात मी मध्येच म्हणते, "हात सोडा." जिचा भार खरोखर उभ्या पायावर असतो, ती जागची हलत नाही.

मुंबईत येहुदा माओर या बॅलेच्या गुरूंकडे आलेले मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह कोलांट्या मारण्यात तरबेज होते. तरी बॅलेसाठी त्यांनाही दांड्यापाशी घाम गाळावा लागला. अमीरुद्दीन 2017मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. आमच्याकडे तर खाली कडक फरशी आहे, उसळी देणारी लाकडी जमीन नाही. म्हणून उड्या मी मोजक्याच घेते आणि तो वेळही दांड्याला देते.

पालकांना माझी एकच विनंती आहे. बोटांच्या टोकांवर नाचण्यासाठीच्या पॉइंटच्या बुटांची घाई करू नका. मुलगी पुरेशी मोठी झाली आणि चवड्यावर उभं राहताना तिचा घोटा डगमगेनासा झाला, की बूट आणायला मीच सांगेन.