थोरातांची दोन पदकं

त्यागराजांच्या आराधनेसाठी तिरुवैयारुला गेलो होतो. कावेरीकाठच्या मांडवात बसून पंचरत्न कीर्तनं ऐकायची आणि एका तंजावुरी मराठी कुटुंबात मुक्काम करायचा, एवढाच बेत. पण रात्री जेवणं झाल्यावर घरच्या अण्णांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढलं. "हे तुमच्या कोल्हापूरचे. वाचलंय का?" लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं आत्मचरित्र, 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट'. उघडलं ते पहाटेपर्यंत खाली ठेववेना! तेव्हापासून भेटेल त्याला मी थोरातांबद्दल सांगत सुटलोय.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म 1906, कोल्हापूरचे. सँडहर्स्टला शिकून 1926 मध्ये कमिशन घेतलेले पायदळाचे अधिकारी. त्यांना दोन शौर्यपदकं मिळाली आणि या दोन पदकांमधलं अंतर पाहूनच माझी झोप उडाली.

पहिलं ब्रह्मदेशातलं. जानेवारी 1945, आराकानचा किनारा, कंगॉ नावाचं गाव. जपान्यांची माघारीची वाट तिथून जात होती, ती तोडायची होती. 22 जानेवारीला कमांडो तिथे उतरले, तेही कसे, तर खाजणातून, तिवरांच्या चिखलातून! आजूबाजूच्या टेकड्यांना मेलरोज, पर्थ, पिनर अशी टोपणनावं दिलेली. पाठोपाठ 51 वी ब्रिगेड आली. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते: 8/19 हैदराबादचे थिमय्या, 16/10 बलुचचे एल. पी. सेन आणि 2/2 पंजाबचे थोरात. ब्रिटिश अमलात लढाईच्या ऐन तोंडावर तीन पलटणी तीन भारतीयांच्या हाती! हिंदी माणसाला पलटण सांभाळता येईल का, अशी शंका काढणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला तरी सापडलेलं नाही. 29 जानेवारीला मेलरोजवर थोरातांची पंजाबी पलटण चढली आणि तिने टेकडी घेतली. पुढे या तिघांनाही डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, मिळाली.

हे पदक डोळ्यांसमोर आणा: पांढऱ्या मिन्याचा क्रूस, कडा सोनेरी, मध्ये हिरव्या पानांच्या वर्तुळात मुकुट, आणि लाल फितीला दोन्ही बाजूंनी निळे काठ. 1886 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते सुरू झालं आणि मिळायचं फक्त अधिकाऱ्यांना. ज्याने गोळीबारात आपली माणसं नीट पुढे नेली, त्याचं हे पदक. त्याच महायुद्धात इटलीत आणि नॉर्मंडीत लढणाऱ्या कॅनडाच्या पायदळी अधिकाऱ्यांनाही हेच मिळत होतं, कारण साम्राज्याच्या सगळ्या सैन्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी हे पदक एकच. ओटावाचा कर्नल आणि कोल्हापूरचा कर्नल, दोघांच्या छातीवर तीच लाल-निळी फीत. हे वाचून मी उठून येरझारा घालायला लागलो!

आणि थिमय्यांच्या त्याच 8/19 हैदराबादमध्ये एक तरुण अधिकारी होता, सोमनाथ शर्मा. ही पलटण पुढे 4 कुमाऊं झाली आणि 3 नोव्हेंबर 1947 ला बडगाममध्ये, हात प्लास्टरमध्ये असताना, मेजर शर्मा लढता लढता पडले. देशाचं पहिलं परमवीरचक्र त्यांचं. एका ब्रिगेडमधून केवढी माणसं निघाली!

पण मला खरं वेड लावलं ते दुसऱ्या पदकानं. 1953, कोरिया. युद्धबंदी झालेली, पण मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळायची जबाबदारी भारतावर आलेली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. पुन्हा तीच जोडी! दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून सगळ्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने छावणीत नेलं. त्या वसाहतीचं नाव 'हिंद नगर'. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. बाहेर सशस्त्र जवान होते, गोळीबाराचा हुकूम देता आला असता. पण त्यात किती कैदी मेले असते आणि तो मेजर वाचला असता का? थोरात स्वतः आत गेले. भोवती खवळलेला जमाव. त्या गर्दीत थोरात त्यांना म्हणतात, चिनी माणसाच्या आतिथ्याचं एवढं नाव ऐकलंय आणि अर्धा तास झाला तरी मला कुणी चहा-सिगारेट विचारत नाही! जमाव सैलावला आणि थोरात आपल्या मेजरला घेऊन बाहेर आले.

या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, 1967 पासून त्यालाच आपण कीर्तिचक्र म्हणतो. एक पदक टेकडी जिंकल्याबद्दल, दुसरं गोळी न झाडल्याबद्दल. माझ्या लेखी दुसरं वरचढ आहे. पलटण मागे असताना हल्ला चढवायला छाती लागतेच, पण खवळलेल्या जमावात मोकळ्या हातांनी उभं राहून चहा मागायचा, याला काय म्हणावं!

अण्णांनी सकाळी कॉफी देताना आणखी एक नाव काढलं, त्यांच्या बाजूचं: मेजर रामस्वामी परमेश्वरन. तमिळ घरातला, मुंबईत जन्मलेला मुलगा, महार रेजिमेंटचा अधिकारी. 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपलं आणि जवानांना हुकूम देत देत प्राण सोडले. त्यांनाही परमवीरचक्र मिळालं. त्यांच्याविषयीही आता वाचायला घेतलंय.

तुम्ही मात्र थोरातांपासून सुरुवात करा. पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात नसेल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा, आणि कोरियाचं प्रकरण आधी वाचा.