७६ दिवस रिकामी टाकी

चंद्रपुरात समुद्र विकत मिळत नाही, घरीच बनवावा लागतो. आरओचं पाणी घ्यायचं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम या हिशोबानं मत्स्यालयासाठीचं खास मीठ टाकायचं, रात्रभर पंप फिरवत ठेवायचा आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरनं खारटपणा मोजायचा. एवढं करून हाती येतं ते फक्त पाणी. माशांचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

माझ्याकडे टाकी आली ती मित्राची बदली झाली म्हणून. दोनशे लिटरची टाकी, दोन केशरी क्लाउनफिश, एक निळा डॅमसेल, दोन कोळंब्या आणि थोडे मऊ प्रवाळ. शिवाय माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मित्रानं ते लपवलं नव्हतं. "आठवड्यापूर्वी आले होते, मग गेले, आता परत आलेत," तो म्हणाला.

त्या 'मग गेले'मध्येच सगळा रोग आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. काही न करता गायब झालेला बग आमच्याकडे कुणी बंद करत नाही, कारण तो गेलेला नसतो.

या रोगाचं कारण असलेल्या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. एकाच पेशीचा जीव. तो माशाच्या कातडीच्या वरच्या थरात आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस तिथेच खातो. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाला वाळूवर किंवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. मासा स्वच्छ दिसतो आणि मालक खूश होतो. कवचात मात्र त्याचं विभाजन चालू असतं. एकाचे शंभराहून जास्त, कधी दोनशेही होतात. कवच फुटलं की ही पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

उघड्या समुद्रात बहुतेकांना मासा मिळत नाही. काचेच्या पेटीत मिळतोच, कारण मासा जाणार कुठे? म्हणून समुद्रात क्वचित दिसणारी ही साथ टाकीत अख्खं घर साफ करते. १९५१ साली ब्राऊन यांनी या जीवाला आजचं शास्त्रीय नाव दिलं. त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. लोकांनी समुद्र काचेत आणला, तेव्हा हाही आत आला.

औषध आहे. तांबं मोजून पाण्यात टाकलं की पोहणारी पिल्लं मरतात. पण कातडीखालच्यांना आणि कवचातल्यांना त्यानं काही होत नाही, आणि कोळंबी व प्रवाळ तांब्यानं मरतात. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर लोक पाण्याचं तापमान वाढवतात. तो वेगळा जीव आहे, इथे तो उपाय चालत नाही. राहिला एक मार्ग, ज्यात औषध जवळजवळ लागतच नाही: मासे सतत हलवत राहायचं.

दोन टब घेतले. मासे पहिल्या टबात. तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या टबात, ताज्या पाण्यात. अंगावरून सुटलेले परजीवी जुन्या टबाच्या तळाला कवच करून बसतात, आणि कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात. ते फुटेपर्यंत मासे तिथे नसतात. रिकामा टब धुऊन गच्चीवर खडखडीत वाळवायचा, कवचं कोरडेपणात टिकत नाहीत. बारा दिवसांत असे चार फेरे. चंद्रपूरचं मार्चमधलं ऊन पहिल्यांदाच कामी आलं. आरओनं टाकून दिलेलं पाणी आईनं कूलरमध्ये वळवलं आणि म्हणाली, "माशांना दर तीन दिवसांनी नवा समुद्र, अन् आपल्याला त्याचं उरलेलं."

डॅमसेल दुसऱ्या रात्री गेला. त्याच्या अंगावर ठिपके कमीच होते, पण श्वास भराभर चालू होता. मासा कातडीवरच्या ठिपक्यांनी सहसा मरत नाही, कल्ले भरल्यावर मरतो, आणि कल्ले बाहेरून दिसत नाहीत.

क्लाउनफिश वाचले. पण मोठी टाकी अजून परजीवींनी भरलेली होती. तिथे करायचं एकच: मासे न ठेवता वाट बघायची. कवच फुटायला लागलेला सर्वांत जास्त काळ नोंदला गेला आहे तो ७२ दिवसांचा. त्यावर थोडी सूट धरून छंदवाले ७६ दिवस मोजतात. कोळंब्या आणि प्रवाळ आतच राहतात, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. २ मार्चला मासे बाहेर काढले, म्हणजे १७ मेपर्यंत टाकी बिनमाशांची.

याच काळात एका मित्रासोबत गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडे त्याच्या मामांकडे गेलो. त्यांच्या संस्थेकडे एका मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा, मासेमारीचा ठेका आहे. तलाव आटत आला होता आणि रोहू-कटल्यावर उवा पडल्या होत्या. उवा म्हणजे अर्ग्युलस, डोळ्यांना दिसणारा, माशाला चिकटून रक्त पिणारा चपटा जीव. असा मासा वाढत नाही, बाजारात भावही पडतो. माझ्यासाठी प्रश्न तीन माशांचा होता, त्यांच्यासाठी वर्षाच्या कमाईचा. त्यांनी पाण्यात जागोजागी बांबूचे तट्टे उभे केले होते. अर्ग्युलसची मादी मासा सोडून टणक वस्तूवर अंडी घालते. दर काही दिवसांनी तट्टे काढून उन्हात टाकायचे आणि वाळले की परत पाण्यात.

मी माझी टबांची गोष्ट सांगितली. मामा हसले. "मासा पायत कायले बसाचं, पोरा? ऊ माशावर दिसते, पन अंडी तट्ट्यावर रायतेत. थे वाळवाचं."

मला बारा दिवस वाचून समजलेली गोष्ट त्यांनी तीन वाक्यांत सांगितली. रोग दिसतो एका जागी आणि वाढतो दुसऱ्या जागी. मासा हा त्याचा मुक्काम, घर तळाशी असतं.

एप्रिल-मे कठीण गेले. पारा ४५च्या पुढे गेला की टाकीचं पाणी २६ अंशांवर ठेवणं हेच रोजचं काम होतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. राज्यातलं एक मोठं औष्णिक वीज केंद्र आमच्या शहराला लागून आहे, तरी वादळ आलं की लाईन जातेच. मग बॅटरीवरचा एअरपंप, आणि टबात बर्फाच्या बाटल्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी कित्येकदा बाटल्या बदलल्या आहेत.

त्या दिवसांत सहकारी, शेजारी, सगळ्यांनी एकच विचारलं: जंगलाच्या जिल्ह्यात समुद्री मासे कशाला? प्रश्न बरोबर आहे. बाजारातले अनेक समुद्री मासे प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. पिशवी, ट्रक, दुकान, परत पिशवी. थकलेल्या माशावर परजीवी लवकर पसरतो. हा रोग माझ्या टाकीत सुरू झाला नव्हता, पण अशा टाक्यांना मागणी आहे म्हणूनच तो इथवर पोचतो.

क्लाउनफिश मात्र पैदास करून मिळतात. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांची हॅचरी आहे. टाकीत जन्मलेल्या माशालाही हा रोग होऊ शकतो, पण निदान त्याला प्रवाळातून उचललेलं नसतं.

१७ मेला दोन्ही क्लाउनफिश परत टाकीत सोडले. पुढचे कित्येक आठवडे रोज सकाळी टॉर्च घेऊन पाहिलं, एकही ठिपका नाही. डॅमसेलच्या जागी नवा मासा आणलेला नाही. आणला तर पैदाशीचाच आणेन, आणि आधी बारा दिवस तो गच्चीवर वाळवलेल्या टबांत काढेल. टब तिथेच उपडे घालून ठेवले आहेत.