आखूड बंदूक आणि शिकाऱ्यांचें मत

खडू व छडी यांखेरीज दुसरें शस्त्र आम्हीं उभ्या आयुष्यांत हातीं धरलें नाहीं. तेव्हां आम्हीं बंदुकीविषयीं लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. आपल्या देशांत तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनीं शिकार जवळजवळ बंदच केली आहे. परंतु गतवर्षीं आम्ही अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत आमच्या भाच्याकडे राहिलों होतों. तेथें नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवस बंदुकीनें हरणें मारण्याचा हंगाम असतो. भाच्याचे शेजारी सायंकाळीं गप्पांस बसत, आणि त्यांचा वाद बहुधा एकाच विषयावर येऊन ठेपे. तो विषय म्हणजे ‘बुलपप’ जातीची रायफल.

हा प्रकार थोडक्यांत सांगितला पाहिजे. नेहमींच्या रायफलींत काडतुसांची पेटी व बार उडविणारें यंत्र चापाच्या पुढें असतें. बुलपपमध्यें हा क्रम उलटा. सारें यंत्र चापाच्या मागें, खांद्यास टेकणाऱ्या दस्त्याच्या पोटांत. त्यामुळें नळी तेवढीच राहूनही बंदूक आखूड होते. ऑस्ट्रियाच्या सैन्यानें १९७७ सालीं पसंत केलेली स्टायर रायफल वीस इंची नळी असूनही सुमारें एकतीस इंच भरते. तेवढ्याच नळीची अमेरिकन सैनिकी रायफल एकोणचाळीस इंचांहून अधिक असते.

कल्पना मात्र नवी नव्हे. १९०१ सालीं ब्रिटनमध्यें थॉर्नीक्रॉफ्ट नांवाची अशीच बंदूक तपासण्यांत आली. पण धक्का फार व हाताळणी अवघड म्हणून ती नाकारली गेली. पुढें फ्रान्सनें बुलपप स्वीकारली, आणि २०१६ सालीं तिच्या जागीं पुन्हा जुन्या मांडणीचीच रायफल निवडली.

त्या मंडळींतील तरुणांचें म्हणणें असें कीं, मचाणावर जागा अपुरी, भोंवतालीं फांद्या. तेथें आखूड बंदूक चटकन् फिरवितां येते. वृद्धांचे आक्षेप अनेक होते. एक म्हणे, ती दिसावयासच ओबडधोबड. दुसरा म्हणे, जाड कोट व हातमोजे घातल्यावर काखेजवळची पेटी बदलणें जिकिरीचें. तिसरा डावखुरा होता. रिकामें काडतूस उजवीकडे बाहेर पडतें, तें डाव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतें, ही त्याची तक्रार. शिवाय नळीचें तोंड कानाजवळ आल्यानें आवाजही मोठा.

परंतु सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ बराच वेळ उगीच होते. अखेर ते म्हणाले, “मला चापाची काळजी वाटते.” बुलपपमध्यें बोट पुढें व यंत्र मागें, दोहोंना जोडणारी लांब दांडी मध्यें असते. त्यामुळें चाप पुष्कळदां जड व लिबलिबीत लागतो, आणि बार नेमका कोणत्या क्षणीं उडेल याचा अंदाज बोटास येत नाहीं. “नेम बोटभर चुकला कीं जनावर मरत नाहीं, जखमी होऊन पळतें. मग अंधारांत कंदील घेऊन रक्ताचा माग काढीत फिरावें लागतें. आणि तें सांपडलें नाहीं तर त्या रात्रीं झोंप येत नाहीं.” यावर बैठकींत कोणी बोललें नाहीं.

आम्हांस हत्येचें समर्थन करावयाचें नाहीं. तथापि त्या एका वाक्यानें सर्व वादाची प्रतवारी लागली असें आम्हांस वाटतें. रूपाचा आक्षेप केवळ संवयीचा. डोळा सरावला कीं तो मावळतो. पेटीचा आक्षेप हाताच्या वळणाचा. नव्या पिढीस तो भासणारही नाहीं. डावखुऱ्याचा आक्षेप खरा, पण कारागिरास निवारतां येण्याजोगा. रिकामें काडतूस पुढून बाहेर टाकणाऱ्या बुलपप निघाल्याच आहेत. चापाचा आक्षेप मात्र बंदूक धरणाऱ्याच्या सोयीचा नाहीं. तो समोरच्या मुक्या प्राण्याच्या वेदनेचा आहे. त्याचें उत्तर मिळेपर्यंत नव्यानें वाट पाहिली पाहिजे, आणि मिळाल्यावर जुन्यानें हट्ट सोडला पाहिजे.

शिवाय या शिकाऱ्यांचें आखूडपणाशीं वैर नव्हतें. १९६७ सालीं निघालेली रुगर कंपनीची एकबारी रायफल यंत्र तोकडें असल्यानें तीन-चार इंच आखूडच आहे, व तिची तेथें वाखाणणी होते. कारण तिनें लांबी घटविली, पण चाप बिघडविला नाहीं.

जुनें तेवढें चांगलें असें नव्हे, हें कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंतच बजावून ठेवलें आहे. तथापि जुन्याची प्रत्येक कुरकुर हटवादच असते असेंही नव्हे. आमच्या घरोघरीं नव्या वस्तूवरून वडीलधाऱ्यांचे व मुलांचे खटके उडतात. त्या वेळीं दोघांनींही एवढेंच विचारावें: हा आक्षेप माझ्या संवयीसाठीं आहे, कीं ज्यास बोलतां येत नाहीं अशा कोणासाठीं? पहिल्या प्रकारचा असेल तर वडिलांनीं हंसून सोडून द्यावा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर मुलांनीं तो निमूटपणें ऐकावा.