ऊनोदरी कोणासाठी?



बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं, इतकंच. पण उपवासाचं जेवढं कौतुक होतं, तेवढं तिचं होत नाही. "ते तर जाड बायकांसाठी," असंही काही जणी म्हणतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत चरबी असू शकते.

ही चरबी गप्प बसत नाही. ती लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते. 1994 साली त्याचा शोध लागला. शरीरात साठा किती आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. हाच निरोप छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीलाही लागतो. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. उंदरांना उपाशी ठेवलं तर थायमस आक्रसते, लेप्टिन दिलं तर सावरते. मग चरबी जास्त तर ताकद जास्त का? नाही. लेप्टिन फार झालं की मेंदू ते ऐकेनासा होतो आणि लठ्ठ उंदरांची थायमस अकाली म्हातारी होते. दोन्ही टोकं वाईटच.

माझ्या जाऊबाई सडपातळ. तरी साखर निघाली, आणि पायाची जखम महिनाभर भरेना. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशीही मंदावतात. त्यांना यंदा अठाई करायची होती. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आठ दिवस उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी नको म्हटलं, तेव्हा त्या रडल्या. म्हणाल्या, "माझं तपच गेलं." मी म्हटलं, "ताई, ऊनोदरीही तपच आहे. रोज दोन्ही वेळा मन मारावं लागतं."

मैत्रिणींनो, चातुर्मासाआधी एकदा साखर तपासून घ्या, कंबरही मोजा. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच पच्चक्खाण घ्या. पारण्याला शिरा, लाडू यांचा आग्रह करू नका. आणि ताटात शेवटची पोळी घेण्याआधी क्षणभर थांबा.