गाडीचा विमा आणि देहाचा विमा

गेल्या पावसाळ्यांत भोकरच्या रस्त्यावर आमच्या पुतण्याच्या मोटारीस एका ट्रॅक्टरचा धक्का लागला. दार चेपलें, दिवा फुटला. माणसें सुखरूप राहिलीं. हिमायतनगरास परतल्यावर रात्रीं ओसरीवर खल झाला. पुतण्या म्हणाला, “काका, एवढ्यासाठीं विम्याची रक्कम मागितली तर पुढील हप्त्यावरील सूट जाईल. खर्च आपणच सोसावा हें बरें.” त्याचें गणित बरोबर होतें. वर्षभर कांहीं न मागणारास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यांत २० टक्के सूट मिळते. ती वर्षानुवर्षें ५० टक्क्यांपर्यंत चढते. आम्हीं त्याच्या शहाणपणाची वाखाणणी केली, आणि ती माजघरांत सौभाग्यवतींनीं ऐकिली.

पुढें परमेश्वराच्या देवळास जातांना त्या वाटेंत दोन वेळां टेकूं लागल्या. विचारलें तर “कांहीं नाहीं.” दोन महिने असे गेले. शेवटीं एका पहाटे दरदरून घाम फुटला, तेव्हां त्यांस नांदेडास नेलें. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. तींत जाळी बसवून झाल्यावर खाटेवरून त्या म्हणाल्या, “अहो, आपल्याहि विम्याची रक्कम दरसाल वाढत होती ना? एवढ्याशा दम लागण्यासाठीं ती कशाला घालवावयाची, असें वाटलें.” आम्हांस उत्तर सुचेना. चाळीस वर्षें मुलांस उपमा शिकविली. उपमेची मर्यादा घरांत सांगावयाची राहिली.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत आत्रेय अग्निवेशास आयुष्याची गोष्ट गाडीच्या आंसाच्या उपमेनेंच समजावितात. चांगला आंस यथाकाल झिजतो. पण फाजील ओझें, खडबडीत वाट, वंगणाची हयगय यांनीं मध्येंच मोडतो. उपमा सुंदर आहे. परंतु आंस बदलतां येतो.

मोटारीचा विमा अपघाताचा असतो, झिजेचा नव्हे. घासलेला टायर धन्याचा. अपघातांत बदललेल्या रबर-प्लास्टिकच्या भागांचीहि, जादा हप्ता भरला नसेल तर, निम्मीच किंमत हातीं येते. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला कीं गाडी गेली असें समजून पैसे देतात, आणि कोणी रडत नाहीं. देहास अशी ठरलेली किंमत कोठली? मोतीबिंदु, गुडघे, रक्तवाहिन्या, उतारवयांतील बहुतेक विकार झिजेचेच; झीज वगळली तर म्हाताऱ्यांच्या विम्यांत उरेल काय? शिवाय चेपलेलें दार दोन महिन्यांत अधिक चेपत नाहीं.

कायद्याचाहि एक चमत्कार पाहावा. १९८८ च्या मोटार कायद्यानें विमा सक्तीचा आहे, पण तो आपल्या गाडीनें दुसऱ्याची हानि होईल तिच्यापुरता. स्वतःच्या देहासाठीं सक्ति नाहीं. उलट पासष्टी उलटलेल्यांस दार लावण्याची विमावाल्यांची मुभा २०२४ सालीं कुठें काढली गेली. सरकार मात्र देहासाठीं पुढें आलें, मोटारीसाठीं आलें नाहीं, हें योग्यच. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजीं प्रथम ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला नांदेड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते व ठराविक उपचारांस कुटुंबामागें वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत आधार देते.

मोटारीचें दार पुतण्यानें अद्याप सरळ केलेलें नाहीं. परवां जिना चढतांना सौभाग्यवती मध्येंच थांबल्या. आम्हीं विचारलें. “दम लागला,” त्या म्हणाल्या, आणि आम्हीं लागलीच त्याच मोटारीनें नांदेड गांठलें.