तळ्याभोवती पाच फेऱ्या

पहाटे फिरायला जाण्याचे व्रत मी आजवर कितीदा घेतले आणि कितीदा मोडले, याचा हिशेब माझ्या गजराच्या घड्याळालाही ठेवता आलेला नाही. आपल्या बेळगावच्या किल्ला तलावावरचा सूर्योदय मी एकदाच पाहिला, तोही परीक्षा संपल्यावरच्या जागरणातून घरी परतताना! अशा मला सुट्टीत मामींनी सलग आठ दिवस पहाटे पाचला उठवले.

मामा-मामी सुरतच्या उपनगरात, कोसाडला राहतात. सुरतेहून भरूचकडे जाणारी पॅसेंजर उत्राण सोडून कोसाडला थांबते. मोठ्या गाड्या शिटी वाजवीत पुढे जातात. मामा यंत्रमागावर रात्रपाळीला. तेव्हा साखरेच्या विकारामुळे डॉक्टरांनी मामींना सांगितलेल्या तळ्याभोवतीच्या पाच फेऱ्यांना सोबत म्हणून माझी नेमणूक झाली.

टपरीवर कामगारांची गर्दी असे. गुजराती, उडिया, हिंदी आणि खानदेशी मराठी एकाच किटलीतला चहा पीत. तेथून तळ्याची वाट लागे. मामी झपाझप चालत. पण पाण्यापासून जितके दूर राहता येईल तितके राहून. वाट अरुंद झाली की माझा दंड घट्ट धरीत. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात हसलो. तिसऱ्या दिवशी विचारलेच, "मामी, तुम्हांला पाण्याची भीती वाटते?"

"भीती कसली? तापी माझ्या माहेरची," त्या म्हणाल्या.

माहेर त्यांचे सारंगखेड्याजवळचे. उन्हाळ्यात तापीचे पात्र आक्रसले की मैलभर वाळवंट उघडे पडे. उन्हे चढण्याआधी त्या पाऊलवाटांनी बहिणी-बहिणी टरबुजांच्या वाडीत जात. लग्न होऊन सुरतेस आल्या, तर बिऱ्हाड तापीकाठीच मिळाले. परक्या मुलखात एक तरी ओळखीचे माणूस आहे, असे त्यांना वाटे.

मग आला २००६ चा ऑगस्ट. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. मामा-मामींनी तीन रात्री शेजारच्या गच्चीवर काढल्या. खाली त्यांचे भांडे न् भांडे वाहून गेले. पुढे काठावरच्या अनेक कुटुंबांप्रमाणे तीही कोसाडच्या नव्या इमारतींत आली.

"माहेरचं माणूस घरी यावं असं रोज वाटायचं," मामी म्हणाल्या. "आलं ते असं आलं. रागवायचं तरी कुणावर? तीही कोंडलेलीच होती."

पुराचे आकडे मी भूगोलाच्या तासाला ऐकले होते. एक प्रश्न सोडविण्यापुरते ते पाठही केले होते. पण त्या आकड्यांखाली कुणाचे माहेर बुडालेले असेल, हे कधी मनात आले नव्हते. मी काही न बोलता पाण्याच्या बाजूला झालो. उरलेल्या सगळ्या फेऱ्या त्याच बाजूने चाललो. मामीही काही बोलल्या नाहीत. दंडावरची पकड मात्र थोडी सैल झाली.

घरी आल्यावर माझे व्रत चौथ्या दिवशी मोडले. मामींचे अजून चालू आहे. आता पाण्याच्या बाजूने कोण चालते, हे विचारायचे मी दर वेळी ठरवतो आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवतो.